चित्रांच्या पेटीतली हवा

फिलाडेल्फियाचा एकोणिसाव्या शतकातला आग विझवणारा हातबंब नीट पाहायचा असेल, तर आधी त्याच्या सोन्यावरून नजर बाजूला करावी लागते. हे सोपे नाही. लाकडावरचे कोरीवकाम, अक्षरांवरचा सोन्याचा वर्ख, पितळी कठडे, कंदील, घंटा, चाकांच्या प्रत्येक आरीवर ओढलेल्या बारीक रंगरेषा यांत डोळा अडकून पडतो. पण बंबाच्या मधोमध एक उभी पेटी असते. तिच्या चारही अंगांवर चित्रे असतात, आणि एवढी उत्तम कारागिरी अख्ख्या बंबावर दुसरीकडे कुठेच नसते. रसग्रहणाची सुरुवात या पेटीपासून करावी, आणि पहिला प्रश्न चित्रांविषयी न विचारता पेटीच्या आत काय आहे, असा विचारावा.

आत हवा आहे. जुन्या वाड्यांच्या न्हाणीघरात असे तशा तांब्याच्या बंबासारखी एक बंद कोठी, आणि तिच्यात कोंडलेली हवा. खाली पाण्याच्या हौदात दोन नळकांडी बसवलेली असतात. एका नळकांड्यातला दट्ट्या वर चढतो तेव्हा दुसऱ्यातला खाली येतो. दर ठोक्याला पाण्याचा एक लोंढा निघतो, आणि दट्ट्या उलटा फिरताना क्षणभर खंड पडतो. हे पाणी थेट नळीत सोडले तर तोटीतून पिचकारीसारखे हिसके बाहेर पडतील आणि अर्धे पाणी रस्त्यावरच सांडेल. म्हणून ते आधी कोठीत तळातून शिरते, वरची हवा दाबते, आणि दट्ट्या उलटायच्या त्या क्षणात दाबलेली हवा पसरून पाण्याला पुढे रेटते. धार तुटत नाही. चाळीस-पन्नास माणसे दांडे वर-खाली करताहेत, कुणाचा जोर जास्त, कुणाचा कमी, कुणाचा ताल चुकलेला. पण तोटीतून निघते ती एकसंध, सरळ धार. आग विझवणाऱ्या स्वयंसेवक कंपन्यांच्या बंबांची सारी सुंदरता मला या कोठीभोवती जमलेली दिसते. त्यांनी चित्रे टांगली ती नेमकी इथेच, यंत्राच्या हृदयावर. बंब बांधणाऱ्यांनी हे ठरवून केले असेल वा नसेल, सजावट मात्र अचूक जागी बसली आहे.

ही कोठी फिलाडेल्फियाची नव्हे. लंडनमध्ये बटणे बनवणाऱ्या रिचर्ड न्यूशमने 1721 आणि 1725 मध्ये पेटंटे घेऊन जो बंब विकायला काढला, त्यात ती होती. न्यूयॉर्क शहराने 1731 मध्ये त्याचे दोन बंब मागवले. न्यूशमचा बंब दिसायला अगदी साधा: लांबट, अरुंद, चाकांवरचा लाकडी हौद. दोन्ही बाजूंना लांब दांडे, आणि मध्ये काही माणसे उभी राहून पायांनीही जोर लावत. त्यात शोभेचे काही नव्हते, आणि एका अर्थी ते स्वाभाविक होते. तो शहराने विकत घेतलेला माल होता, अजून कुणाचा झालेला नव्हता.

‘कुणाचा तरी होणे’ ही गोष्ट फिलाडेल्फियात घडली. 7 डिसेंबर 1736 रोजी बेंजामिन फ्रँकलिन आणि त्याच्या साथीदारांनी युनियन फायर कंपनी काढली. करारानुसार प्रत्येक सभासदाने चामडी बादल्या आणि भक्कम कापडी थैल्या स्वखर्चाने तयार ठेवायच्या होत्या. बादल्या पाण्यासाठी, थैल्या जळत्या घरातले सामान बाहेर काढण्यासाठी. त्यांवर सभासदाचे आणि कंपनीचे नाव घालायचे होते. पुढच्या शतकात बंबांवर जो रंगांचा आणि सोन्याचा सोहळा उभा राहिला, त्याचे मूळ मला या चामडी बादलीवरच्या नावात दिसते. गर्दीत हरवू नये म्हणून घातलेली खूण हळूहळू अभिमानाची खूण झाली. बादलीवरचे नाव बंबावर गेले, नावाभोवती वेलबुट्टी आली, वेलबुट्टीच्या मध्ये चित्र आले.

नावेही ऐकण्यासारखी होती. डिलिजंट, परसिव्हिअरन्स, ह्युमेन, गुड विल, होप, हायबर्निया. एखाद्या गुणाचे नाव घेऊन आगीवर धावत जाणाऱ्या या मंडळ्या. नावांच्या बरोबरीने हत्यारेही सुधारत गेली. शिवलेल्या चामडी नळ्या दाबाखाली उसवत; 1807 च्या सुमारास फिलाडेल्फियातच तांब्याच्या रिव्हेटांनी जोडलेली चामडी नळी आली. नळ्या वाहून नेण्यासाठी वेगळ्या नळीगाड्याही झाल्या, आणि मग त्या गाड्यांची सजावट बंबांनाही मागे टाकू लागली. माझा कल मात्र बंबाकडेच. नळीगाडी मिरवणुकीत शोभते. बंब उभा असतानाही काम करताना दिसतो.

त्या काळच्या बंबांमध्ये दोन घराण्यांतला फरक कळला की पाहण्यात गोडी येते. न्यूयॉर्कच्या बंबाचे दांडे दोन्ही बाजूंना, लांबीच्या दिशेने. माणसे समोरासमोर, एका रांगेत. कोठीच्या माथ्यावरून एक वाकडी नळी निघते, हंसाच्या मानेसारखी, म्हणून त्या बंबांना ‘गूजनेक’ म्हणत. फिलाडेल्फियाच्या बंबाचे दांडे पुढे आणि मागे, आणि प्रत्येक टोकाला माणसांचे दोन थर: काही जमिनीवर, काही वर उघडणाऱ्या फळ्यांवर. पहिल्याची घडण आडवी, बसकी, वेगवान वाटते. दुसऱ्याची उभी, थोडी राजेशाही. मला दुसरी अधिक भावते, कारण तिच्यात माणसांची जागा आधीच कोरून ठेवलेली असते. फळ्या मिटलेला, माणसांविना उभा असलेला फिलाडेल्फियाचा बंब अपुरा वाटतो, आणि तो तसा वाटणे हाच त्याच्या रचनेचा गुण आहे.

फिलाडेल्फियाच्या घराण्यातले ठळक नाव पॅट्रिक लायन या लोहाराचे. 1798 मध्ये बँक ऑफ पेनसिल्व्हेनियात चोरी झाली. तिथले लोखंडी काम लायनने केले होते, म्हणून संशय त्याच्यावर आला. तो शहराबाहेर होता, आरोप कळताच आपणहून परतला, आणि तरीही वॉलनट स्ट्रीटच्या तुरुंगात डांबला गेला. पुढे तो निर्दोष ठरला, त्याने दावा लावून भरपाई मिळवली, आणि बंब बांधून नाव आणि पैसा दोन्ही कमावले. डिलिजंट कंपनीचा 1820 चा बंब त्याच्या हातचा. श्रीमंत झाल्यावर त्याने जॉन नीगल या चित्रकाराला आपले चित्र काढायला सांगितले, पण अट घातली की मला सभ्य गृहस्थ म्हणून रंगवायचे नाही. 1826-27 मधल्या त्या चित्रात लायन ऐरणीपाशी उभा आहे, बाह्या वर सारलेल्या, पुढे चामडी एप्रन, आणि खिडकीतून त्या तुरुंगाचा मनोरा दिसतो. पायांतल्या बुटांना मात्र चांदीची बक्कले आहेत. बंबांची कला समजून घ्यायला मला हे चित्र फार उपयोगी वाटते. काम करणाऱ्याने आपले काम न लपवता, उलट त्याच्यासकट सजणे, ही तीच वृत्ती आहे.

आता माणसे दांड्यांना लावून पाहू. मिनिटाला साठेक ठोके ही साधी चाल. घाईत ती दुप्पट होई, पण मग माणूस काही मिनिटांतच गळून जायचा, बाजूला व्हायचा आणि दुसरा चालत्या दांड्याला हात घालायचा. हात घालताना वेळ चुकली तर बोटे मोडत. फोरमन पितळी कर्णा तोंडाला लावून ओरडत असे. पाणी दूर असेल तर बंब रांगेत लावत: नदीकाठच्या पहिल्याने दुसऱ्याच्या हौदात पाणी टाकायचे, दुसऱ्याने तिसऱ्याच्या. मागच्या कंपनीने पुढच्या कंपनीला उपसता येईल त्यापेक्षा जास्त पाणी दिले आणि तिचा हौद भरून वाहू लागला, की ती कंपनी ‘धुतली गेली’. ही नामुष्की वर्षानुवर्षे पुसली जात नसे. कधीच न धुतल्या गेलेल्या कंपनीचा दिमाख वेगळाच असे. बंबावरच्या चित्राकडे हे ध्यानात ठेवून पाहावे. ते चित्र नुसते नटण्यासाठी नव्हते; हौद भरून वाहू लागला तर सगळ्या गावादेखत भिजणार होते तेच.

खरे तर सगळ्यांत मौल्यवान फलक आगीवर जाताना बहुधा काढून ठेवत आणि मिरवणुकीला पुन्हा चढवत. त्यांची किंमतच तशी होती. फिलाडेल्फियात जॉन वुडसाइड, न्यूयॉर्कमध्ये जॉन क्विडॉर अशा चित्रकारांनी हे फलक रंगवले. वॉशिंग्टन, लाफायेत, स्वातंत्र्यदेवता, रोमन दैवते, मूळ अमेरिकन सरदार हे नेहमीचे विषय. कला म्हणून सगळेच थोर नाहीत. पुष्कळ ठिकाणी शरीराची ठेवण कच्ची आहे, आकाश एकाच साच्याचे आहे. पण त्यांचा आकार पाहा: उभे, अरुंद, पेटीच्या कडांना धरून बसणारे. या सक्तीमुळे चित्रकाराला एकच ठाम आकृती घ्यावी लागते आणि ती दुरून, हलत्या गाडीवर, घोळक्यातूनही ओळखता येईल अशी काढावी लागते. न्यूयॉर्कच्या अमेरिकस कंपनी क्रमांक 6 ची खूण वाघाचे मुंडके. या ‘बिग सिक्स’चा फोरमन होता विल्यम ट्वीड, पुढे शहराचे राजकारण खिशात घालणारा. त्याच्यावर तुटून पडलेला व्यंगचित्रकार थॉमस नास्ट याने 1871 मध्ये तोच वाघ ट्वीडच्या टॅमनी या राजकीय गटाच्या माथी मारला. बंबावरचे चित्र देशभर कळले ते असे.

या वाघाच्या निमित्ताने दुसरी बाजूही पाहायला हवी, कारण ती लपवून केलेले कौतुक खोटे ठरेल. या कंपन्या नुसत्या परोपकारी नव्हत्या. हायड्रंट आधी कुणी धरायचा यावरून आग जळत असताना मारामाऱ्या होत. फिलाडेल्फियातल्या मोयामेन्सिंगसारख्या कंपन्यांचे गुंडांशी आणि निवडणुकांशी साटेलोटे होते. 1818 मध्ये फिलाडेल्फियातल्या कृष्णवर्णीयांनी आपली आफ्रिकन फायर असोसिएशन काढली, तेव्हा गोऱ्या कंपन्यांनी इतका विरोध केला की ती मोडावी लागली. 13 जुलै 1863 रोजी न्यूयॉर्कमध्ये सक्तीच्या सैन्यभरतीच्या कार्यालयावर हल्ला करून ते जाळण्यात पुढाकार होता तो ‘ब्लॅक जोक’ नावाच्या बंब कंपनी क्रमांक 33 चा. आग विझवणाऱ्यांनी लावलेली ती आग चार दिवसांच्या दंगलीची सुरुवात ठरली आणि तिचे सर्वांत क्रूर घाव कृष्णवर्णीय वस्तीवर पडले. ‘हा बंब आमचा’ या भावनेने बंबाला सोने चढवले. तिनेच ‘आमचा’ची सीमाही आखली. दोन्ही एकाच फलकावर रंगवलेले आहे.

शहरांनी यावर काढलेला उपाय म्हणजे वाफेचा बंब. 1 जानेवारी 1853 रोजी सिनसिनाटीत लाटा आणि शॉक या कारागिरांनी बांधलेल्या बंबाची चाचणी झाली, आणि त्याच वर्षी 1 एप्रिलला तिथे पगारी दल सुरू झाले. वाफेला चाळीस माणसे नकोत. ताल, कर्णा, बदली, धुतले जाणे, सारे एका झटक्यात निरुपयोगी झाले. न्यूयॉर्कमध्ये 1865 मध्ये पगारी दल आले, फिलाडेल्फियात 1871 मध्ये.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण छोट्या गावांना पगारी दल परवडत नव्हते, आजही परवडत नाही. अमेरिकेतल्या अग्निशामकांपैकी सुमारे दोन-तृतीयांश आजही स्वयंसेवक आहेत, पेनसिल्व्हेनियात तर बहुतांश दले त्यांचीच. आणि बंबाच्या वंशावळीत एक सुंदर वळण आहे. सिनसिनाटीतला लाटांचा तो कारखाना हात बदलत 1868 मध्ये ख्रिस आहरेन्सकडे आला, आणि विसाव्या शतकात त्याच वंशात आहरेन्स-फॉक्स हा मोटार बंब जन्मला. स्वयंसेवकांना शहरांतून घालवणाऱ्या यंत्राचे वारस स्वयंसेवकांचा सर्वांत लाडका बंब बांधू लागले.

आहरेन्स-फॉक्सचे तोंड एकदा पाहिले की विसरत नाही. बाकीच्या बहुतेक बंबांचा पंप मध्ये किंवा बाजूला, झाकलेला. इथे दट्ट्यांचा अख्खा पंप रेडिएटरच्या पुढे, उघडा, आणि त्याच्या डोक्यावर आरशासारखा चकचकीत मोठा गोळा. तोच तो. न्यूशमच्या हौदातली, फिलाडेल्फियाच्या रंगीत पेटीतली हवेची कोठी, आता कवच टाकून उजेडात आलेली. मोठ्या बंबाचा पंप मिनिटाला हजार गॅलन, म्हणजे सुमारे 3785 लिटर पाणी टाकत असे, आणि एवढ्या पाण्याचे ठोके हा गोळा गिळून टाकत असे. यावर चित्र नाही, गरजही नाही. समोरची आग, रस्ता, माणसे सगळे त्या गोळ्यावर उमटते. यंत्राच्या ज्या भागाला आधी चित्रांनी झाकावे लागले, तोच भाग स्वतः पाहण्याची वस्तू झाला. बंबांच्या साऱ्या इतिहासात मला याहून देखणा क्षण दिसत नाही, आणि या बाबतीत मी वाद घालायला तयार आहे.

हा क्षण फार टिकला नाही. दट्ट्यांची जागा गरगर फिरणाऱ्या पात्यांच्या सेंट्रिफ्यूगल पंपाने घेतली. त्याची धार मुळातच अखंड, तिला ठोके नाहीत, म्हणून हवेच्या कोठीची गरजच संपली. विसाव्या शतकाच्या मध्याला गोळाही गेला. आजचा बंब म्हणूनच समोरून सपाट आहे. आणि तरीही स्वयंसेवक कंपनीचा आजचा बंब पाहिला की कळते, त्या रिकाम्या जागेत ते काहीतरी मांडतच राहतात. समोरच्या बंपरवर घंटा, जी नसली तरी काम अडत नाही. इलेक्ट्रॉनिक भोंगा असताना मोटारीवर फिरणारा जुन्या धाटणीचा ‘क्यू’ भोंगा, ज्याचा आवाज हळूहळू चढतो आणि बटण सोडल्यावरही कितीतरी वेळ उतरत राहतो. दारांवर तेवीस कॅरटच्या वर्खाची अक्षरे, आणि वर्खावर मखमली बोंडाने फिरवलेली वर्तुळे. हल्ली तयार चिकटपट्टी मिळते. दुरून फरक कळत नाही. जवळ गेल्यावर खऱ्या वर्खावरचे प्रत्येक वर्तुळ शेजारच्यापेक्षा किंचित वेगळे सुटलेले दिसते.

रंगाचे तर प्रकरणच मोठे आहे. मंद उजेडात डोळ्याला लालपेक्षा हिरवट पिवळा जास्त दिसतो, म्हणून 1970 च्या दशकात अनेक दलांनी लिंबासारखे पिवळे बंब घेतले. 1995 मध्ये डॅलसच्या बंबांचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्यातही पिवळ्या बंबांचे अपघात लालपेक्षा कमी असल्याचे आढळले. तरीही पुष्कळ कंपन्या लालकडे परतल्या. कुणी पांढरा-निळा राखला, कुणी हिरवा, कुणी काळ्या टपाचा लाल. इथे मी विज्ञानाच्या बाजूने आहे, सुरक्षेपुढे शोभेचा हट्ट चालू नये. पण परावर्ती पट्ट्या आणि दिव्यांनी ती उणीव बरीच भरून निघते, आणि शेजारच्या गावाचा बंब रंगावरून ओळखू येणे हे त्या माणसांना का हवे असते, ते बादलीवरच्या नावापासून समजत आलेले आहे.

न्यू जर्सीत किंवा पेनसिल्व्हेनियात राहणाऱ्या मराठी घरांना गावच्या फायर कंपनीची उन्हाळी जत्रा, कोंबडी भाजण्याचा कार्यक्रम, बिंगोची रात्र ठाऊक असेल. नव्या बंबाला लाखो डॉलर पडतात, आणि त्या पैशांतला काही भाग अशा ताटांमधून आणि वर्गणीतून येतो. आपल्याकडचा बंब महापालिकेचा असतो; त्याचे काम तितकेच थोर, पण त्यावर कुणी आपले कुलनाम सोन्याने लिहीत नाही. अमेरिकेत ज्या गावात हायड्रंट नाहीत तिथे तर बंब आपले पाणी बरोबर नेतो, रस्त्याकडेला ताडपत्रीचे घडीचे टाके उघडतो, टँकर त्यात पाणी ओतून पुन्हा तळ्याकडे पळतात. न्यूशमचा हौद चाके सोडून जमिनीवर उतरला, एवढाच फरक.

नवा बंब आला की तिथल्या ईशान्येकडच्या अनेक गावांत त्याला न्हाऊ घालतात. शेजारच्या कंपन्या आपापले बंब घेऊन येतात, त्याच्यावर पाण्याच्या धारा सोडतात, मग सभासद तो टॉवेलांनी पुसतात आणि हात लावून मागे-मागे ढकलत त्याच्या जागी नेतात. बंब वीस टनांचा असू शकतो, आत चालक बसलेला असतो आणि खरा जोर बहुतेक इंजिनाचाच असतो. तरी हात लावल्याशिवाय कुणी मागे हटत नाही.

आणि जुने हातबंब? न्यू इंग्लंडमध्ये ते अजून पाणी उडवतात. तिथल्या ‘मस्टर’ स्पर्धांत दीड शतकाहून जुने बंब मैदानात उतरतात, दोन्ही बाजूंना माणसे दांड्यांना लागतात, आणि धार दोनशे फुटांपलीकडे जाते. पुढे जमिनीवर कागदाची लांब पट्टी अंथरलेली असते. पंच तिच्यावर वाकून सर्वांत दूर पडलेला थेंब शोधतात आणि तिथपर्यंत फीत लावतात. वारा आडवा असेल तर तोटीवाला दाब तयार होऊनही धार रोखून धरतो. वारा पडला की तो ओरडतो, आणि दांड्यांवरची माणसे सगळा जीव एकदम ओततात.